पंचेचाळीसचा काप

चौकटीला कोपरे चार, पण काप आठ. प्रत्येक काप 45 ऐवजी 44.5 अंशांचा पडला, तर पहिले तीन कोपरे दाबून, क्लॅम्प लावून, फेविकॉल भरून कसेबसे मिटवता येतात. चौथा कोपरा सगळ्यांची उधारी एकदम मागतो. आठ वेळा अर्धा अंश म्हणजे 4 अंश, आणि पट्टी 4 इंच रुंद असेल तर त्या कोपऱ्यात सुमारे 10 मिलिमीटरची फट. इंचाचे आठ भाग करून मोजणाऱ्या सुताराच्या हिशोबात ती तीन सूत भरते. फोटोफ्रेमची 1 इंची पट्टी घेतली तरी अडीच मिलिमीटर उरतातच, आणि डोळ्यांच्या उंचीवर टांगलेल्या चौकटीत तेवढी फट समोरच्या सोफ्यावरून दिसते.

भुसा आणि फेविकॉल कालवून अशी फट बुजवायची रीत जुनी आहे. वरून रंग चढणार असेल तर ती खपून जाते. सागवानावर पॉलिश मारायचं असेल तर नाही; बुजवलेली रेघ पॉलिश पिते आणि शेजारच्या लाकडापेक्षा वेगळी दिसू लागते. म्हणून पट्टीकाम करणाऱ्याला काप मुळातच नेमका हवा असतो, आणि त्यासाठी तो मायटर सॉ घेतो. साइटवर कुणी त्याला नुसतं ‘मायटर’ म्हणतं, कुणी ‘मायटर कटर’.

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये या यंत्राला नव्याने काम मिळालं आहे. मॉड्युलर किचन आणि कारखान्यातून कडा चिकटवून येणारं प्लाय यांनी साइटवरचं सागवानी लिपिंग, म्हणजे प्लायच्या कडेला पट्टी लावायचं काम, कमी केलं होतं. मग भिंतीवर मोल्डिंगच्या चौकटी बसवायची टूम आली, टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचे लूव्हर आले, डब्ल्यूपीसी आणि पीव्हीसीच्या नक्षीदार पट्ट्या आल्या. दिवाणखान्याच्या एका भिंतीवर अशा सहा चौकटी म्हणजे अठ्ठेचाळीस तिरके काप. हँड कटर, म्हणजे खरं तर फरशी कापण्यासाठी बनवलेलं आणि लाकडाचं पातं लावून वापरलं जाणारं 4 इंची मार्बल कटर, प्लाय फाडायला धावून येतं. पण त्याने हातावर धरून अठ्ठेचाळीस वेळा तोच कोन काढणं भल्याभल्यांना जमत नाही.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘कोनात कापायचं मशीन दाखवा’ म्हटलं की समोर तीन यंत्रं येऊ शकतात, आणि दुरून ती भावंडं वाटतात. एक लोखंड कापायचं चॉप सॉ: त्याला 14 इंची, म्हणजे 355 मिलिमीटरची घासणारी चकती असते आणि ठिणग्यांचा फवारा उडतो. दुसरं स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांचं ॲल्युमिनियम कटर. तिसरं लाकडाचं मायटर सॉ. यातलं दुसरं आणि तिसरं पुष्कळदा एकच यंत्र असतं, फक्त पातं बदललेलं. पहिलं मात्र वेगळ्या जातीचं आहे. त्यात लाकडाचं दातेरी पातं घालायचा मोह काहींना होतो. त्याचा गार्ड, त्याचा शिकंजा आणि त्याचा कोन यांतलं काहीच त्या कामासाठी घडवलेलं नसतं. उलटाही उद्योग करू नये. मायटर सॉला लोखंडाची चकती लावली की गरम ठिणग्या भुशाच्या पिशवीत जातात.

यंत्राची कुळी समजली की त्याच्या मर्यादाही समजतात. विजेच्या आधी मायटर बॉक्स होता: लाकडाची तीन बाजूंची पेटी, तिच्यात 45 आणि 90 अंशांच्या चिरा, त्या चिरेतून चालणारी हातकरवत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याचे ओतीव लोखंडाचे, कोन बदलता येणारे अवतार आले. 1922 मध्ये न्यू जर्सीत रेमंड डीवॉल्ट यांनी आडव्या दांड्यावर पुढेमागे सरकणारी विजेची करवत, म्हणजे रेडियल आर्म सॉ तयार केली. त्यांच्या आडनावाची पिवळी-काळी यंत्रं आज आपल्याकडच्या साइटवरही दिसतात. ती करवत ताकदवान होती, पण जड होती, आणि पातं कामगाराच्या अंगाच्या दिशेने ओढावं लागायचं. 1964 मध्ये रॉकवेल कंपनीने विजेचा मायटर बॉक्स आणला. त्यात मोटर आणि पातं बिजागरीवर बसवलेलं, हँडल खाली दाबलं की काप. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हिताचीचं साडेआठ इंची सरकतं मॉडेल आलं आणि रेडियल आर्म सॉचं साइटवरचं राज्य संपलं. त्याच हिताचीची अवजारं 2018 पासून हिकोकी या नावाने विकली जातात.

म्हणजे हे यंत्र जन्मापासून आडव्या कापाचं आहे. 8 बाय 4 चं प्लाय लांबीत फाडणं त्याचं काम नाही. ज्याच्या कामात नव्वद टक्के प्लायचे खोके असतील त्याने मायटरवर पैसा घालण्याआधी टेबल सॉ किंवा रुळावरून चालणारी करवत घ्यावी. हे इतकं उघड असूनही हौशी सुतारकाम सुरू करणारे पहिलं यंत्र म्हणून मायटर उचलतात, कारण ते दुकानात रुबाबदार दिसतं.

आता मापाचं. पात्याचा व्यास 10 इंच की 12 इंच, हा प्रश्न सगळे आधी विचारतात, आणि उत्तर सहसा ‘मोठंच घ्या’ असं मिळतं. न सरकणारं, एका जागी बसणारं 10 इंची यंत्र सरळ कापात साधारण 135 ते 140 मिलिमीटर रुंदीची पट्टी पार करतं. टेबल 45 अंशांवर फिरवलं की तीच रुंदी 95 मिलिमीटरच्या आसपास येते. याचा अर्थ 3 इंची पट्टी टेबलावर आडवी ठेवून आरामात तिरकी कापता येते, 4 इंची थोडक्यात हुकते. दाराभोवतीची बॉर्डर, भिंतीवरची मोल्डिंग, फोटोफ्रेम, लूव्हर: घरातलं बहुतेक पट्टीकाम 3 इंचांच्या आत असतं. त्यासाठी 12 इंचांची गरज नाही.

12 इंची पात्याचा खरा फायदा कुठे आहे, तर उंचीत. स्कर्टिंगची पट्टी भिंतीला जशी उभी लागते तशीच यंत्राच्या मागच्या कडेला, म्हणजे फेन्सला टेकवून उभी कापली तर डोक्याला ताप राहत नाही. पातं न कलवता नुसतं टेबल फिरवायचं. साध्या 10 इंची यंत्रात अशी उभी पट्टी साडेतीन इंचांच्या पुढे जात नाही, मोठ्या 12 इंची यंत्रांत साडेसहा इंचांपर्यंत जाते. अमेरिकेत उंच बेसबोर्ड आणि छताला लागून तिरकी बसणारी क्राउन मोल्डिंग घरोघरी असते, म्हणून तिथल्या ट्रिम कारागिरांना 12 इंची यंत्राचं प्रेम. त्या यंत्रांच्या मोजपट्टीवर 31.6 आणि 33.9 अशा विचित्र आकड्यांवर खुणा असतात. भिंतीशी 38 अंशांत बसणारी क्राउन टेबलावर सपाट ठेवून कापायची, तर टेबल 31.6 अंश फिरवावं लागतं आणि पातं 33.9 अंश कलवावं लागतं, असा तो हिशोब आहे. आपल्याकडे छताची ती जागा पीओपीच्या कॉर्निसने घेतली, त्यामुळे आपल्या सुताराला या खुणा आयुष्यात एकदाही लागल्या नाहीत तरी नवल नाही.

मोठ्या पात्याची किंमत वेगळ्या खात्यात भरावी लागते. पातं जितकं मोठं तितकं ते कडेला थरथरतं, आणि चांगलं 12 इंची पातं 10 इंचीपेक्षा बरंच महाग पडतं. वजनही पाहावं. मकिताचं एलएस 1040 हे 1650 वॅटचं साधं 10 इंची यंत्र 11 किलोंचं आहे. एका हाताने उचलून जिन्याने चौथ्या मजल्यावर नेता येतं. डीवॉल्टचं डीडब्ल्यूएस 780 हे 12 इंची, सरकतं, दोन्ही बाजूंना कलणारं यंत्र 25 किलोंच्या घरात जातं. सोसायटीने कामगारांना लिफ्ट बंद केली असेल तर हा फरक रोज संध्याकाळी खांद्याला कळतो.

सरकतं यंत्र, म्हणजे स्लायडिंग, घ्यावं की नाही? रुळांवर पातं पुढेमागे सरकत असल्याने 10 किंवा 12 इंची यंत्र 12 इंच रुंद फळीही कापतं. जिन्याच्या पायऱ्या, कपाटाच्या फळ्या, रुंद सागवानी पाट्या ज्याच्याकडे रोज येतात त्याला ते हवंच. पण जुन्या पद्धतीच्या यंत्रात रूळ मागे बाहेर येतात, त्यामुळे भिंतीपासून ते हातभर दूर मांडावं लागतं. 10 बाय 10 च्या बेडरूममध्ये, जिथे अर्धी जागा प्लायच्या थप्पीने खाल्लेली असते, हातभर जागा फार झाली. बॉशने यावर रुळांऐवजी घडीच्या बाह्यांची ग्लाइड रचना काढली. मकिताच्या एलएस 1019 मध्ये रूळ एका जागी राहतात आणि मोटर त्यांच्यावरून सरकते. दोन्ही यंत्रं भिंतीला चिकटून उभी राहतात, दोन्ही महाग आहेत. आणि रूळ म्हटले की थोडा खेळ आलाच. नवीन असताना तो जाणवत नाही. वर्षभर टेम्पोत हिंदकळल्यावर जाणवतो. फक्त पट्टीकाम करणाऱ्याने सरकतं यंत्र घेऊ नये, असंच इथे ठामपणे म्हणायला हवं. जो भाग हलत नाही तो बिघडत नाही.

एका बाजूला कलणारं की दोन्ही, हा वाद छोटा आहे. दोन्ही बाजूंना कलणाऱ्यात पट्टी उलटी फिरवावी लागत नाही. चौकटीच्या सपाट कापात पातं कलवतच नाहीत, तेव्हा तो खर्च वाचवता येतो.

ज्यावर खरं लक्ष द्यायचं त्या गोष्टी खोक्यावर छापलेल्या नसतात. पहिली म्हणजे टेबलाच्या खाचा. 0, 15, 22.5, 30, 45 या कोनांवर टेबल ‘टक’ करून बसतं. ती बैठक घट्ट हवी, बसल्यावर हँडल हलवून पाहिलं तर टेबल डुलता कामा नये. पण घट्ट खाचेचा एक त्रासही आहे. घराचा कोपरा 91 अंशांचा निघाला तर काप 45.5 चा हवा, आणि अर्ध्या अंशावर टेबल ठेवू गेलं की खाच त्याला ओढून परत 45 वर नेते. म्हणून खाच तात्पुरती निकामी करणारी कळ असलेलं यंत्र बघावं. आपल्याकडच्या भिंतींना ती सोय रोज लागते. विटांच्या भिंतीवर प्लास्टरचा थर कोपऱ्याकडे फुगतो, आणि काटकोन नकाशातच राहतो.

दुसरी गोष्ट फेन्स. डावा आणि उजवा भाग एका रेषेत आहेत का, हे दुकानातच स्टीलची पट्टी टेकवून बघता येतं. पट्टीमागे उजेड दिसला तर यंत्र परत करावं, कारण वाकडी फेन्स प्रत्येक कापात आपली चूक मिसळते. त्यानंतर पात्याचा काटकोन. एका सरळ फळीचा 90 अंशांवर काप घ्यायचा, एक तुकडा उलथवायचा आणि दोन्ही कापलेल्या कडा समोरासमोर जुळवायच्या. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे. 45 अंशांसाठी दोन तुकडे कापून जोडायचे आणि आत गुण्या धरायचा. या तपासणीला दुकानदार कुरकुरतो. फळीचा तुकडा आपणच पिशवीतून न्यावा. अनेक यंत्रं खोक्यातून निघताना थोडी चुकलेली असतात आणि स्क्रू सैल करून, गुण्या लावून ती जागेवर आणता येतात. म्हणजे इथे पाहायचं ते एवढंच, की ती जागेवर येतात का आणि आल्यावर टिकतात का.

लाल लेझर रेघेला भुलणारे खूप. लेझर स्वतः सरकू शकतो आणि मग सुतार पात्याऐवजी त्या रेघेवर विश्वास ठेवतो. काही यंत्रांत पात्याच्या वर एलईडी दिवा असतो आणि पात्याची सावली लाकडावर पडते. सावली खुद्द पात्याचीच असल्याने तिला जुळवावं लागत नाही, आणि कापाच्या दोन्ही कडा दिसतात.

आता पातं. नव्या यंत्रासोबत येणारं पातं पुष्कळदा 40 दातांचं, रफ कामाचं असतं. त्याने मोल्डिंग कापली की मागच्या बाजूने कपच्या उडतात, आणि ग्राहक म्हणतो यंत्र खराब. पट्टीकामाला 10 इंची पात्यावर 60 ते 80 दात, 12 इंचीवर 80 ते 100 दात हवेत. दातांचा पुढचा कोन शून्याच्या जवळ किंवा उणे असावा; टेबल सॉचं पुढे झुकलेल्या दातांचं पातं मायटरला लावलं तर ते लाकूड ओढून घेतं आणि सरकत्या यंत्रात अंगावर चढून येतं. ॲल्युमिनियम कापणारे 100-120 दातांचं, चपट्या-तिरप्या आळीपाळीच्या दातांचं पातं वापरतात. भोकाचं मापही विचारून घ्यावं: बाजारात 25.4 आणि 30 मिलिमीटर अशी दोन्ही भोकं मिळतात, आणि रिंग घालून चालवून घ्यायचा सल्ला दुकानदार उदारपणे देतो. रिंग नेमकी बसली नाही तर पातं केंद्रावरून जरासं चळतं आणि 80 दातांचं पातं करवतीसारखे ओरखडे सोडू लागतं.

सागवान कापणाऱ्याला पात्याचा खर्च वेगळा धरावा लागतो. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती धार खाते. चंद्रपूर-बल्लारपूरच्या सागाचा लौकिक मोठा. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहूनच सागवान रवाना झालं. असं लाकूड पुण्याच्या भवानी पेठेत किंवा नागपूरच्या लकडगंजात घनफुटाच्या भावाने विकत घेतल्यावर चुकलेला एक फूट खिशाला चांगलाच चटका देतो. कार्बाइडच्या दातांना पुन्हा धार लावता येते, आणि साधं यंत्र व दोन उत्तम पाती, एक वापरात आणि एक धारेला, ही जोडी मोठं यंत्र व खोक्यातलं पातं या जोडीपेक्षा चांगले कोपरे देते. बजेट ठरलेलं असेल तर यंत्राचा एक टप्पा कमी करून पैसे पात्यात घालावेत.

12 इंची पातं मिनिटाला 3800 फेरे घेतं तेव्हा त्याची कड सेकंदाला 60 मीटर धावते, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या वर. हात पात्यापासून 6 इंच दूर, डावा हात उजव्यावरून आडवा न्यायचा नाही, आणि काप झाल्यावर खटका सोडून पातं थांबेपर्यंत वर उचलायचं नाही. शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, आणि छोटा तुटका तुकडा उडून डोळ्यावर येतो तो तेव्हाच. पातं झटकन थांबवणारा विजेचा ब्रेक असलेलं यंत्र घ्यावं ते यासाठी. वाकलेली पट्टी असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सला टेकवायची, नाहीतर काप पूर्ण होताना लाकूड पात्याला चिमटतं. सरकत्या यंत्रात पातं आधी पुढे ओढायचं, खाली घ्यायचं, मग मागे ढकलत कापायचं. चप्पल घालून, गार्ड दोरीने वर बांधून काम करणारे कारागीर प्रत्येक दुसऱ्या साइटवर दिसतात. गार्ड बांधलेलं सेकंडहँड यंत्र विकायला आलं तर त्याची स्प्रिंग आणि प्लास्टिक आधी पाहावं.

भुशाचा विषय सहसा मास्कवर ढकलला जातो. मायटर सॉ मागे भुसा फेकतं आणि सोबतची कापडी पिशवी त्यातला थोडाच पकडते. व्हॅक्युम जोडला तरी बराचसा निसटतो. लाकडाच्या धुळीला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध धरून. बंद फ्लॅटमध्ये, एसी बसवण्यासाठी खिडक्या आधीच काचबंद केल्यावर, दिवसभर मोल्डिंग कापणाऱ्याच्या दृष्टीने हा आकडेमोडीचा मुद्दा नाही. यंत्र बाल्कनीत मांडता येत असेल तर तिथेच मांडावं. वीज तिथवर नेताना मात्र बारीक वायरचं वीस मीटर एक्स्टेन्शन वापरू नये. मोटर दबून चालते आणि तापते.

एवढं सगळं करूनही आतला कोपरा फसतो. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या 45 ला कापून भिडवल्या, तर भिंत काटकोनात नसल्याने आणि खिळा मारताना पट्टी मागे दबल्याने सांधा उघडतो. अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले ट्रिम कारागीर तिथे मायटर जोडतच नाहीत. पहिली पट्टी सरळ भिंतीपर्यंत नेतात. दुसरीचा काप आधी मायटरवर 45 ला घेतात, त्यामुळे कडेवर नक्षीची रेषा उघडी पडते. मग बारीक पात्याच्या कोपिंग सॉने त्या रेषेवरून मागे तिरकं कोरतात आणि ती नक्षी पहिल्या पट्टीच्या अंगावर बसवतात. भिंत 88 अंशांची असो वा 92 ची, सांधा मिटतो. आपल्याकडे लाकडी स्कर्टिंग आणि नक्षीदार पट्टी परत आली आहे, ही पद्धत अजून फारशी आलेली नाही, आणि तिला लागणारं अवजार मायटर सॉच्या तुलनेत नगण्य किमतीचं आहे.

शेवटी हवामान. आपल्याकडे घराचं काम दिवाळीच्या आत संपवायचा हट्ट असतो, म्हणजे पट्ट्या ऑगस्ट-सप्टेंबरात कापल्या जातात. लाकूड दमटपणात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फुगलेल्या पट्टीवर घेतलेला नेमका 45 चा काप हिवाळ्यात पट्टी आकसल्यावर 45 चा राहत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत सांध्याची आतली टोकं उघडतात. पावसाळ्यात बाहेरची टोकं उघडली तर उलट घडलेलं असतं: लाकूड कोरडं असताना कापलं आणि नंतर फुगलं. भारतीय मानक आयएस 287 देशाचे हवामानानुसार विभाग पाडून कुठे लाकडात किती ओल चालेल ते सांगतं, आणि दोन सुयांचा ओलावामापक आता सहज मिळतो. पट्ट्या टेम्पोतून उतरल्या उतरल्या कापायला न घेता ज्या खोलीत लागणार तिथे आठवडाभर पट्ट्यांच्या मध्ये फटी ठेवून रचल्या, तर निम्मी तक्रार तिथेच संपते. एसीच्या खोलीसाठी तर हे करावंच लागतं, कारण तिथली हवा बाहेरच्या पावसाळी हवेपेक्षा कितीतरी कोरडी असते. रुंद पट्टीच्या सांध्यात मागून बिस्किट किंवा लाकडी चावी बसवतात. 2 इंचांच्या आतल्या पट्टीला गोंद आणि दोन बारीक पिना पुरतात.